गडवा पोचवायचा आहे

मे महिन्यातला दुसरा रविवार, गेल्या वर्षीचा. मुक्काम अमरावती. गाडीत हजर: मी, माझे यजमान सतीश, आमची कॉलेजात जाणारी मुक्ता, माझी धाकटी बहीण मंजू आणि तिचे सासरे नानाजी. आदल्या संध्याकाळी मी यादी केली तेव्हा तिच्यात नानाजी नव्हते. सकाळी चहा घेऊन खाली उतरलो, तर डोक्याला पांढरा दुपट्टा गुंडाळून, मांडीवर कांद्यांची पिशवी घेऊन ते पुढच्या सीटवर बसलेले होते. "चाला," ते म्हणाले, "ऊन होऊन राहिलं."

नानाजींची ओळख एका वाक्यात सांगायची तर अशी : ज्या गावात आपल्या माणसाचं घर आहे, त्या गावातून ते पाणी न पिता पुढे जात नसत. आपलं माणूस ही व्याख्याही सैल होती. नानाजींनी उभं आयुष्य भाजीचा आणि फुलांचा व्यापार केला. परतवाड्याजवळ त्यांचा बगीचा होता आणि आठवडी बाजार करत ते सगळ्या पट्ट्यात फिरले होते. त्यामुळे कुठे मेहुण्याचा साडू, कुठे कधीकाळी वांगी विकत घेणारा भागीदार, कुठे नुसताच एका बाजारात शेजारी बसणारा माणूस. गाव दिसलं की नानाजी खिडकीच्या काचेवर बोटानं टकटक करायचे. "पाहुने, जरासी बाजूले घ्या. घोटभर पानी पेऊ अन् निंगू." पाहुणे म्हणजे सतीश.

घोटभर पाणी म्हणजे काय, हे आम्हाला अचलपूर यायच्या आधीच कळलं. आधी पाणी. पाण्याबरोबर गूळ. मग "बिना चहाचे जाता काय जी?" असा जाब. मग घरातल्या कोणाच्या तरी गुडघ्याची चौकशी, आणि निघताना मुक्ताच्या हातात बळेबळे एखादी कैरी. मी पुण्याहून निघताना दोन दिवसांचा कार्यक्रम आखून आणला होता. पहिल्या दिवशी अचलपूरच्या वेशी, तिथून अंजनगाव, अकोट आणि दुपार कलायच्या आत नरनाळ्याचा किल्ला. रात्री अकोटला मुक्काम. दुसऱ्या दिवशी बाळापूरचा किल्ला पाहून अकोल्यावरून परत. कागदावर सगळं व्यवस्थित बसत होतं. अचलपूरला पोचलो तेव्हा वेशी पाहायची वेळ सकाळची राहिली नव्हती, आणि आमच्या पोटात चार घरचा चहा होता. मुक्तानं त्यांना मागच्या सीटवर बसून नावही ठेवलं, घोटभर नानाजी. त्यांनी ते ऐकलं आणि त्यांना ते आवडलं.

गाडीतल्या थंड बाटल्यांना ते हात लावत नव्हते. मला वाटलं, दातांचं काही असेल. एका घरी सुनेनं पाहुण्यांसाठी म्हणून कॅनचं पाणी पेल्यांत ओतून आणलं, तेव्हा कारण कळलं. नानाजींनी ट्रेकडे पाहिलं आणि विचारलं, "हे कोठलं वो माय?"

"कॅनचं हाये नानाजी. फिल्टरचं. थंडगार."

"मंग मी तुह्या घरी आलो का कॅनवाल्याच्या घरी?"

सून हसली, आत गेली आणि माठातलं पाणी घेऊन आली. आम्ही कॅनचं प्यायलो, नानाजी माठातलं. पूर्णेच्या काठचा तो सगळा टापू खारपाणपट्ट्यातला. पुढे दर्यापूरकडे तर पाणी इतकं मचूळ लागायचं, की मी पहिला घोट गिळताना चेहरा सांभाळत होते. नानाजी मात्र पेला रिकामा करून उलटा करून दाखवायचे. गाडीत बसल्यावर मी विचारलं, "नानाजी, खारट नाही लागत?" ते म्हणाले, "पानी खारं हाये. देनारी खारी हाये का?"

इतिहास त्यांना विचारण्यात अर्थ नव्हता. अचलपूरच्या जुन्या वेशीखाली उभं राहून सतीशनं अगदी आदरानं विचारलं, की ही कोणी बांधली. नानाजींनी कमान खालून वर पाहिली. "बांधली असन कोनी तरी. पैसेवाला असन." मग दुपट्ट्यानं घाम पुसत एकदम उत्साहानं म्हणाले, "पन या वेशीच्या मांगं एक फुलवाला राह्यते. त्याच्या बापानं अन् मी झेंडूचे भाव पाडले होते एका दसऱ्याले!" नबाब, इमादशाही, इंग्रज, सगळं मी वाचून आले होते. ते वेशीपाशी राहिलं आणि आम्ही फुलवाल्याकडे गेलो. तिथेही घोटभर. परत आल्यावर मी घड्याळाकडे पाहिलं, ते नानाजींनी पाहिलं. "घाई काहून करता ताई? किल्ला कोठी जाते? जातात ते मानसं."

प्रत्येकाच्या खिशात त्यांनी एक एक कांदा घातला होता. ऊन बाधत नाही म्हणे. मुक्ताच्या जीन्सला धड खिसाच नव्हता, म्हणून तिचा कांदा त्यांनी माझ्या पर्समध्ये ठेवला. त्याचा वास पावसाळ्यापर्यंत गेला नाही.

अंजनगावला पानवाल्याकडे थांबून विडे घेतले. पुढे सरळ रस्ता अकोटला जातो. मोबाइलवर ठळक निळी रेघ होती. सतीशनं त्या बाजूला गाडी वळवली मात्र, नानाजींनी काचेवर टकटक केली. या वेळी बोटानं नाही, कांद्यानं.

"अठून नाई. दर्यापुरावून."

"पण नानाजी, हा सरळ रस्ता आहे," सतीश म्हणाला.

"सीदा हाये. पन दर्यापुरावून चाला."

दर्यापूर म्हणजे खाली दक्षिणेला जायचं आणि पुन्हा वर यायचं. त्रिकोणाची एक बाजू सोडून दोन बाजू चालायच्या, त्याही भर दुपारी, अंगावर झळा घेत. मी मंजूकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर पाहू लागली. मग हळूच म्हणाली, "ताई, त्या रस्त्यावर अक्कांचं गाव आहे."

अक्का म्हणजे नानाजींची थोरली बहीण. मंजूनं सांगायला सुरुवात केली तेव्हा मला वाटलं नानाजींसमोर हे बरं नाही, पण तेच पुढून म्हणाले, "सांग, सांग. त्यायलेही समजू दे, गाडी काहून फिरवली."

गोष्ट अशी. अक्कांच्या मुलीचं, वंदनाचं, लग्न होतं. वंदनाची मुलगीच आता लग्नाची झाली आहे, एवढी ही जुनी गोष्ट. वऱ्हाडात मामाचं काम मोठं. बोहल्यावर नवरीच्या पाठीशी मामा उभा राहतो, तिच्या अंगावर मामानं आणलेली पिवळी साडी असते आणि एरवीही मामाच भाचीच्या पाया पडतो. नानाजी साडी घेऊन पहाटेच परतवाड्याहून निघाले होते. रस्त्यात प्रत्येक गावी ठरलेलं घर. भाचीच्या लग्नाला चाललाय म्हटल्यावर तर कोणी सोडेना. "मी तरी नाई कोनाले म्हनू?" नानाजी मध्येच बोलले. "आनंदाच्या दिवशी कोनाच्या दारातून तहानलेला कसा जाऊ?" ते मांडवात पोचले तेव्हा अक्षता पडत होत्या. शेजारणीकडून मागून आणलेली पिवळी साडी नेसून वंदना उभी होती आणि तिच्या पाठीशी लांबचा एक चुलतभाऊ मामा म्हणून उभा होता.

अक्कांनी साडी ठेवून घेतली. आणि सगळ्या मांडवासमोर भावाला म्हणाल्या, "साऱ्या गावाचं पानी पेऊन आला ना? मंग माह्या घरी तहान कायले राह्यते तुले? आता माह्या घरचं पानी पेऊ नको."

तेव्हापासून नानाजी अक्कांच्या घरी गेले नव्हते. पण मला समजत नव्हतं ते वेगळंच होतं. मी म्हटलं, "नानाजी, त्यांच्याकडे जायचं नाही हे ठीक. पण गावातून नुसतं गाडीनं जायला काय हरकत आहे? कोण पाहतंय?"

ते मागे वळले. हे त्यांनी मला अगदी समजावून सांगितलं, लहान मुलाला सांगतात तसं. "ताई, तिच्या गावातून गेलो अन् पानी न पेता गेलो, तं नातं तुटलं. पेयाचं तं तिनं बंद केलं. मंग मी गावातून जातच नाई. गेलोच नाई, तं तुटलं कोठी?"

मी ते दोनदा मनात फिरवून पाहिलं. सतीशनंही पाहिलं असावं, कारण गाडी मुकाट दर्यापूरच्या रस्त्याला लागली होती. इतकी वर्षं हा माणूस बहिणीचं नातं टिकावं म्हणून तिला वळसा घालत होता. हे शहाणपण आहे की नुसता हट्ट, हे मला तेव्हाही ठरवता आलं नाही.

दर्यापूरच्या पुढे मात्र सगळ्यांचंच शहाणपण संपलं. रस्त्यावर आडवे दगड, त्यावर पत्रा, पत्र्यावर लाल अक्षरं. पुढे पुलाचं काम चालू, वाहतूक बंद. बाजूच्या टपरीवाल्याकडे चौकशी केली. तो म्हणाला, "परवाच बंद केला जी. मांगं अंजनगावले जा अन् सीदे अकोट." सतीशनं गाडीचं इंजिन बंद केलं. लगेच उकडायला लागलं.

नानाजी उतरून पत्र्यापर्यंत चालत गेले आणि अक्षरं पुन्हा वाचून आले, जणू त्यांच्यासाठी त्यात काही वेगळं लिहिलं असेल. "अकोल्यावून जाऊ," ते म्हणाले. "थोडासा फेर पडन."

थोडासा फेर म्हणजे मूर्तिजापूर, अकोला आणि मग वर अकोट. म्हणजे किल्ला विसरायचा. मुक्ता म्हणाली, "मग आपण नरनाळा पाहायचा नाही का?" मंजू घाईनं म्हणाली, "राहू द्या नानाजी. आपण घरी परत जाऊ. ऊनही खूप आहे. ताई पुन्हा कधीतरी येईल."

हे त्यांना लागलं. पाहुणे पुण्याहून आले, जे पाहायला आले ते न पाहता परत चालले, तेही आपल्यामुळे. त्यांनी दुपट्टा सोडला, झटकला, पुन्हा बांधला. आम्ही सगळे त्यांच्या हातांकडे पाहत होतो.

"चाला," ते म्हणाले. "अक्काच्या गावातून चाला."

अंजनगावला परतलो. पानवाला पुन्हा आम्हाला पाहून हसला. पुढे केळीच्या बागा लागल्या, उजव्या हाताला लांब सातपुड्याची निळसर कड दिसायला लागली. गाव जवळ येत चाललं तसे नानाजी सीटवर खाली खाली सरकत गेले. "काचा वर करा. कोठी थांबू नका," त्यांनी सतीशला बजावलं. काचा वरच होत्या, एसी चालू होता. त्यांनी दुपट्ट्याचं टोक तोंडावर घेतलं.

गाव सुरू झालं. मारुतीचं देऊळ गेलं, बंद दुकानं गेली, बैल बांधलेलं एक कडुनिंबाचं झाड गेलं. आणि मग काचेवर टकटक झाली.

"थांबवा."

रस्त्याच्या कडेलाच घर होतं. निळा दरवाजा, पुढे पत्र्याचं छप्पर, छपराखाली बाजेवर पांढऱ्या धोतरावर कुरडया वाळत घातलेल्या. सतीशनं गाडी थांबवली आणि नानाजींकडे पाहिलं. नानाजी समोर पाहत होते. दाराची कडी त्यांच्या हाताशी होती, पण हात मांडीवरच.

"उतरता का नानाजी?" मंजूनं विचारलं.

"मले तिनं पेऊ नको म्हटलं हाये."

"मग पुढे जाऊ?"

"पुढं कसा जाऊ?"

असे आम्ही बसलो. मला स्वस्थ बसवत नाही. एखादं काम अडून राहिलं की कोणीतरी ते हातात घ्यावं लागतं, आणि आमच्या घरी ते कोणीतरी मी असते. रिकामी बाटली उचलून मी म्हटलं, "मी पाणी मागून आणते."

नानाजी म्हणाले, "तुमाले तहान लागली असन तं मांगा. मले काई तहान नाई."

मी जाऊन कडी वाजवली, तसं दार उघडून एक उंच, काळ्यासावळ्या बाई उंबऱ्यात आल्या, याच अक्का असणार. डोक्यावरून पदर, हातात कुरडयांवरची चिमणी हाकलायची काठी. माझ्याकडे, मग गाडीकडे, मग गाडीच्या नंबराकडे पाहिलं.

"पुन्याचे काय?"

"हो. नरनाळ्याला चाललो होतो. थोडं पाणी मिळेल का?"

"कोन कोन हाये गाडीत?"

मी सवयीनं हजेरी सांगायला लागले. "माझे मिस्टर, मुलगी, धाकटी बहीण..." आणि थांबले.

"अन् समोरच्या सीटवर?"

नानाजींच्या सुनेची मी बहीण, हे सांगितलं तर आत घेतील की दार लावतील? "ते... रस्ता दाखवायला आलेत," मी म्हटलं.

अक्कांनी कमरेवर हात ठेवला. "रस्ता दाखवाले? तो? त्याले सीदा रस्ता कवा मालूम होता वो माय?"

मी बाटली पुढे केली. त्यांनी ती काठीनंच बाजूला सारली. "मानसाले पलास्टिकात पानी देऊ काय मी?" आणि आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा हातात पितळेचा गडवा होता, आपल्याकडे ज्याला तांब्या म्हणतात तो, काठोकाठ भरलेला, वर पेला पालथा. त्यांनी आधी मला पेलाभर दिलं. दिवसभर मचूळ पाणी पिऊन तोंडाला चव राहिली नव्हती. हे पाणी गार होतं आणि गोड होतं. डोंगराच्या बाजूचं गाव, त्यामुळे असेल. मी पुन्हा मागितलं. त्यांनी दिलं, आत जाऊन गडवा पुन्हा भरून आणला आणि माझ्या हातात ठेवला.

"हा न्या. गाडीत ज्याले तहान असन त्याले देजा. मी कोनाचं नाव घेतलं नाई."

"हो. तांब्या लगेच आणून देते."

"तुमी नोका आनू," त्या म्हणाल्या. "ज्यानं पेलं त्यानं आनून द्यावा."

आणि काठी घेऊन चिमण्यांकडे वळल्या. गाडीकडे त्यांनी पाठ केली होती, पण आत गेल्या नाहीत.

मी गडवा खिडकीतून नानाजींना दिला, मागे मंजूशेजारी बसले आणि अक्का काय म्हणाल्या ते शब्दाला शब्द सांगितलं. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला. मान मागे टाकली आणि वरून धार धरून सगळं पाणी प्यायले. मध्ये थांबले नाहीत. थोडं गळ्यावरून शर्टात गेलं, ते पुसलंही नाही. आम्हाला वाटलं, आता दार उघडतील. मंजूनं तर मागच्या मागे माझा हात धरला.

"चाला," नानाजी म्हणाले.

"नानाजी! गडवा?"

"रिकामा गडवा नेतात काय कोनाच्या घरी? भरून आला, भरूनच गेला पायजे."

"मग कशानं भरायचा?"

"तेच तं इचार करून राहिलो." त्यांनी गडवा दुपट्ट्यात गुंडाळला. "चाला पाहुने, ती पाहून राहिली."

गाडी हलली तेव्हा मी मागे वळून पाहिलं. अक्का रस्त्यावर आल्या होत्या. काठी हातातच होती. रागावल्या होत्या की काय, मला सांगता येणार नाही. ऊन डोळ्यांवर येत होतं आणि त्यांनी हात कपाळाशी धरला होता.

अकोटपर्यंत गाडीत एकच विषय. गूळ भरावा तर त्यांच्या घरी उसाचं गुऱ्हाळ. साखर नेली तर अक्का म्हणणार, दुकानातून उचलून आणली. आंब्याचा रस पितळेत कळकणार. मुक्ता म्हणाली, पाणीच भरून न्या. नानाजी हसले. "गोड पान्याच्या घरी मी खारं पानी नेऊ?" मग त्यांनाच एक नवी शंका आली. "ताई, हे पेलं धरावं का? पानी तं घरचंच हाये. पन मी घरात नाई पेलो, गाडीत पेलो. मंग पेलो का नाई?"

पुढच्या गावातल्या एका म्हाताऱ्या सोयऱ्यानं सांगितलं, धरावं. त्याच्या बायकोनं आतून ओरडून सांगितलं, उंबरा ओलांडल्याबिगर धरता येत नाही. या निवाड्यात इतका वेळ गेला, की नरनाळ्याच्या पायथ्याशी पोचलो तेव्हा वनखात्याचं फाटक बंद होऊन गेलं होतं. आम्ही फाटकाच्या अलीकडे उभं राहून डोंगरावरची तटबंदी पाहिली. नानाजी अपराधी चेहऱ्यानं माझ्याजवळ येऊन उभे राहिले. मीच म्हटलं, "असू द्या नानाजी. किल्ला कुठे जातो?" दुसऱ्या दिवशी बाळापूरला किल्ल्याच्या सावलीत एका कलिंगडवाल्यालाही त्यांनी विचारलं, गाडीत पेलं ते पेलं धरावं का. तो म्हणाला, "बहीन हाये ना? मंग कायले इचारता? जा ना बाप्पा!" नानाजींनी मान डोलावली आणि कलिंगड घेतलं.

आम्ही पुण्याला निघालो त्या सकाळी पुढची सीट रिकामी असेल असं वाटलं होतं. तिच्यावर दुपट्ट्यात गुंडाळलेला गडवा होता. "हे काय नानाजी?" मी विचारलं. "हा आमच्या सामानात कसा? तुम्हीच नेऊन द्यायचा आहे ना?"

"मीच देतो. पन गाडीनं गेलो होतो, तं गाडीनंच जाऊ. पुढच्या उनाळ्यात तुमी येसान. मी समोर बसतो. तवरोक इचार होऊन जाईन, काय भरायचं ते." मग आवाज उतरवून म्हणाले, "अठी राह्यला तं मी रोज पाहीन अन् रोज जाऊ का नको करीन. तुमच्याकडं राहू द्या."

त्यांनी तो टाळायला दिला की आम्ही नक्की परत यावं म्हणून दिला, याचा उलगडा मला अजून झालेला नाही. दोन्ही असेल. फोन मात्र ते करत राहिले. मंजूच्या मोबाइलवरून, बहुधा सकाळी, मी ऑफिसला निघण्याच्या गडबडीत असताना. "ताई, इचार केला. तुरीची नवी दाय भरू." आठवड्यानं, "दाय नोका. तिच्या घरी तूर हायेच." मग शेवंतीची फुलं. मग फुलंही रद्द, कारण गडव्यातून फुलं देवाला नेतात आणि अक्का म्हणणार, मले काय देव केलं काय? मी हो हो म्हणायचे. कधी कधी वैतागायचेही. पण फोन आला नाही तर दुपारी आठवण व्हायची, आज नानाजींनी काय भरलं असेल.

थंडीत, तूर कापणीला आली तेव्हा, ते गेले. आजारी नव्हते. सकाळी बाजारात जाऊन आले, खुर्चीत बसले, पाणी मागितलं. मंजूची सासू पाणी घेऊन आली तोवर संपलं होतं.

मला लगेच निघता आलं नाही. तेरवीला सतीश एकटा जाऊन आला. मंजूनं नंतर फोनवर सांगितलं, अक्का आल्या होत्या. वंदनाला घेऊन आल्या. भावाच्या खुर्चीजवळ खाली बसून राहिल्या. जेवण झाल्यावर मंजूनं पाणी दिलं, ते प्यायल्या. निघताना तिला बाजूला घेऊन विचारलं, "माय, एक सांग. त्या दिवशी तू गाडीत होती. त्यानं पेलं का?"

"पेलं अक्का."

"सारं पेलं?"

"सगळं. धार धरून. एक घोटसुद्धा ठेवला नाही."

अक्कांनी तिचा हात धरला. मग पदरानं डोळे टिपून एकदम नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "मंग माहा गडवा कोठी हाये?"

पुण्याला ताईकडे, असं मंजूनं सांगितलं. त्या म्हणाल्या, "तिले सांगजो. आनून दे म्हना."

तो गडवा आता माझ्या ओट्यावर आहे. दर रविवारी मी तो चिंच लावून घासते. ज्यानं पेलं त्यानं आणून द्यावा असं त्यांनीच सांगितलं होतं, आणि आता मागताहेत माझ्याकडे. त्यांना ते आठवत नसेल असं मला वाटत नाही. मग मी नेलेला चालणार आहे का, की मी नुसता रस्ता दाखवायचा आणि मंजूच्या नवऱ्यानं न्यायचा? सतीश म्हणतो, एवढा विचार करू नकोस, कुरिअर करून टाक. मुक्ता म्हणते, नानाजींच्या घरच्या माठातलं पाणी भरून नेऊ, खारं असलं तरी. मंजू म्हणते, रिकामाच ने, आता भरायला कोण आहे?

मेमध्ये आम्ही जातो आहोत. रजा मंजूर झाली आहे, गाडीचं सर्व्हिसिंग झालं आहे. नरनाळ्याचं फाटक कधी उघडतं आणि कधी बंद होतं, ते विचारून ठेवलं आहे. दर्यापूरचा पूल झाला आहे, तरी जायचं अक्कांच्या गावावरून, हेही ठरलं आहे. कांदे तिथेच मिळतील. गडवा पोचवायचा आहे. काय भरून न्यायचा, ते अजून ठरलेलं नाही.